बुरशीची तीन घराणी

पावाला बुरशी येते तेव्हा पांढऱ्या तंतूंच्या टोकांवरचे बारीक काळे ठिपके पाहा. त्या आहेत बीजाणूंच्या थैल्या. ही रायझोपस बुरशी. हिच्या तंतूंत आडपडदे जवळजवळ नसतातच.

बेकरीतलं यीस्ट एकपेशीय. पेशीला कळी फुटते, ती सुटी होऊन नवा जीव बनते. लैंगिक प्रजननात मात्र बीजाणू एका पिशवीच्या आत तयार होतात, बहुधा ४.

अळंबीचे तंतू आडपडद्यांनी विभागलेले असतात. तिच्या छत्रीखालच्या पातळ पट्ट्यांवर गदेच्या आकाराच्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांच्या टोकांवर, बाहेरच्या अंगाला, बीजाणू धरतात.

म्हणजे बीजाणू कुठे आणि कसे धरतात, यावरूनच बुरशीचं घराणं ओळखता येतं. रानातली अळंबी मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय खाऊ नका.