राज्य गेले, लिपी राहिली : आर्मेनियाच्या इतिहासाविषयी



आजच्या व्याख्यानासाठी मी आर्मेनिया हा देश निवडला आहे. त्याचे क्षेत्रफळ ३०,००० चौरस किलोमीटरहून किंचित कमी, म्हणजे आपल्या केरळहूनही लहान. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. समुद्रकिनारा मुळीच नाही. एवढ्याशा देशाचा इतिहास आपण कशासाठी वाचावा, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती अस्वाभाविक नाही. तथापि राज्य नष्ट झाल्यावर समाज कशाच्या आधारे टिकून राहतो, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यास याहून उद्बोधक इतिहास क्वचितच सापडेल.

या भूमीची प्राचीनता मोठी आहे. इ. स. पूर्व ७८२ मध्ये उरार्तूचा राजा अर्गिश्ती याने एरेबुनी नावाचा दुर्ग बांधला आणि त्याची नोंद कीलाक्षरांत कोरून ठेवली. आजची राजधानी येरेवान ही त्याच दुर्गाच्या परिसरात वाढली. इ. स. पूर्व पहिल्या शतकात तिग्रान या पराक्रमी राजाने आपली सत्ता कॅस्पियनपासून भूमध्य समुद्रापर्यंत पोचविली. परंतु रोमपुढे ते वैभव एका पिढीपुरतेच ठरले. पुढे तिरिदात राजाने ख्रिस्ती धर्माला राजधर्माचे स्थान दिले. परंपरेनुसार हे वर्ष इ. स. ३०१ होय.

पश्चिमेस रोम आणि पूर्वेस इराण अशा दोन प्रबळ सत्तांच्या मधोमध हा देश पडला. इ. स. ३८७ मध्ये त्या दोघांनी तो आपसांत वाटून घेतला. ४२८ मध्ये उरलेसुरले राजपदही संपुष्टात आले. या दोन घटनांच्या दरम्यान, ४०५ च्या सुमारास, मेस्रोप माश्तोत्स या विद्वान धर्मोपदेशकाने आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची स्वतंत्र लिपी सिद्ध केली. तोपर्यंत धर्मग्रंथ ग्रीक व सिरियाक भाषांत वाचले जात आणि सामान्य जनांना ते कळत नसत. राजा व्रामशापूह आणि धर्मगुरू साहाक या दोघांचे पाठबळ या कार्याला लाभले. राज्य हातचे जात असतानाच अक्षरांचा पाया घातला गेला, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

या लिपीचे पहिले कार्य कोणते? भाषांतर! माश्तोत्स व त्याचे शिष्य यांनी बायबल आर्मेनियन भाषेत आणले. मागोमाग ग्रीक व सिरियाक ग्रंथ आले. त्यांतील काहींच्या मूळ संहिता कालौघात लुप्त झाल्या. युसेबियसचा कालवृत्तान्त हा ग्रंथ आज जवळजवळ पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहे, तो आर्मेनियन भाषांतरामुळेच. आर्मेनियन चर्च या प्राचीन भाषांतरकारांचा स्मरणदिन आजही पाळते. आमच्या व्यवसायाला असा मान अन्यत्र क्वचितच मिळाला असेल!

यानंतरची शतके स्थलांतराची होत. आनी नगरीचे वैभवशाली राज्य १०४५ मध्ये बायझन्टाइन सत्तेने गिळंकृत केले; भूमध्य समुद्रालगत सिलिशियात उभारलेले दुसरे राज्य १३७५ मध्ये मामलूकांच्या हाती पडले. या काळात मठामठांतून लेखनिक पोथ्या उतरवीत राहिले. आपल्याकडील पोथ्यांच्या पुष्पिकेप्रमाणे तेही ग्रंथाच्या शेवटी चार ओळी लिहीत. त्यांत आक्रमणांच्या नि दुष्काळांच्या नोंदी आढळतात. राजदरबार उरला नव्हता. बखरकाराचे काम या लेखनिकांनी केले.

१६०४ च्या सुमारास इराणच्या शाह अब्बासने जुल्फा नगरीतील आर्मेनियन रहिवाशांना बळाने इस्फाहानजवळ नेऊन वसविले. त्या नव्या जुल्फातील व्यापारी आग्रा, सुरत, मद्रास, कलकत्ता येथवर पोचले. १७९४ मध्ये जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ प्रसिद्ध झाले, ते मद्रासमध्ये. त्याच नगरीत शाहामीर शाहामीरियन या व्यापाऱ्याने भावी स्वतंत्र आर्मेनियाच्या राज्यघटनेचा आराखडा अठराव्या शतकातच छापविला. ज्या राष्ट्राला त्या वेळी राज्य नव्हते, त्याच्या घटनेचा मसुदा भारताच्या किनाऱ्यावर तयार व्हावा, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

मात्र अक्षरे स्मृतीचे रक्षण करतात, माणसांचे करू शकत नाहीत. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा जो संहार झाला, त्यात बहुतेक इतिहासकारांच्या मते दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे बळी पडली. त्या पळापळीत दोन स्त्रियांनी मूश येथील मठातील प्रवचनांची प्रचंड पोथी वाचविली. सुमारे २८ किलो वजनाची ती पोथी एकीला पेलवेना, म्हणून तिचे दोन भाग करण्यात आले. आज हे दोन्ही भाग येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात एकत्र आहेत.

१९१८ मध्ये स्थापन झालेले प्रजासत्ताक अडीच वर्षेच टिकले. १९२० अखेर तेथे सोव्हिएत सत्ता आली. डिसेंबर १९८८ मधील भूकंपाने सुमारे २५,००० बळी घेतले. १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. परंतु नागोर्नो-काराबाख प्रदेशावरून अझरबैजानशी चाललेला संघर्ष शमला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने तो प्रदेश पूर्णपणे ताब्यात घेतला आणि एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरदार सोडून निघाले. ज्या अरारात पर्वताला हे लोक आपले राष्ट्रचिन्ह मानतात, तो येरेवानमधून स्पष्ट दिसतो. मात्र तो उभा आहे तुर्कस्तानच्या हद्दीत.

म्हणून या इतिहासाचा बोध सावधपणे घेतला पाहिजे. भाषा आणि ग्रंथ जपले की सारे जपले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. उजाड झालेली गावे ग्रंथांनी पुन्हा वसत नाहीत. परंतु त्या गावांत कोण राहत होते आणि कोणत्या भाषेत बोलत होते, हे सांगणारा साक्षीदार ग्रंथावाचून दुसरा नसतो. लहान देशांचे इतिहास आपल्या भाषेत आणणे म्हणजे त्या साक्षीला आणखी एक श्रोता मिळवून देणे होय. मराठीने ते काम आनंदाने पत्करावे, एवढीच माझी विनंती आहे.