सीतामाईच्या माहेरी जाताना : रात्रीच्या गाडीची तयारी

आम्ही डिंगोऱ्याच्या बचत गटांतल्या बाया. आज बोलायचंय ते परदेशाच्या प्रवासाबद्दल. हसू नका. नेपाळसुद्धा परदेशच आहे, आणि सीतामाईचं माहेर जनकपूर तिथंच आहे. आमच्या गटांत गेलं वर्षभर याच यात्रेचा विषय चाललाय. त्यात जे जे समजलं, ते तुम्हाला सांगतो.

आधी वाट समजून घेऊ. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून पवन एक्सप्रेस बिहारमधल्या जयनगरला जाते. आपण जुन्नरकर माळशेज उतरून कल्याणला ती धरू शकतो. जयनगर हे आपल्या हद्दीतलं शेवटचं स्थानक. तिथून पुढं नेपाळची रेल्वे लागते. जयनगर, जनकपूर आणि पुढं कुर्था, असा साधारण ३५ किलोमीटरचा मार्ग. १९३७ सालापासूनची जुनी, अरुंद रुळांची गाडी २०१४ मध्ये बंद पडली. रुंद रुळांवरची नवी गाडी २ एप्रिल २०२२ ला सुरू झाली. म्हणजे रात्रीचा लांब प्रवास आपल्या देशात, आणि नेपाळचा प्रवास थोडक्यात. नेपाळच्या गाडीचं तिकीट जयनगरला खिडकीवर काढायचं. काठमांडूला मात्र रेल्वे जात नाही. पशुपतिनाथाला जायचं तर पुढं बसच आहे.

आता पहिलं काम. तुम्ही म्हणाल तिकीट. नाही, पहिलं काम कागद. १९५० च्या करारामुळं आपल्याला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, पण ओळख दाखवावी लागते. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, ही दोनच कागदं पक्की धरायची. आधार कार्ड आपल्या रेल्वेत चालतं, पण १५ ते ६५ वयाच्या माणसानं नुसत्या आधारच्या भरवशावर सीमेवर जाऊ नये.

इथंच बायांची गाडी अडते. आमच्या एका गटातल्या मावशींचं आधार सासरच्या नावाचं आणि मतदार कार्ड माहेरच्या नावाचं. वय ५८. त्या लगेच म्हणाल्या, "जा गं तुम्ही, मी राहते मागं." मैत्रिणींनो, घरात काही अडलं की मागं राहते ती बाईच. म्हणून आम्ही ठरवलं, मावशींचं कार्ड दुरुस्त होऊन हातात येईपर्यंत यात्रेची तारीख धरायची नाही. मतदार यादीतलं नाव दुरुस्त करायला ८ नंबरचा अर्ज असतो. तो गावातल्या बीएलओकडं देता येतो, मोबाइलवरूनही भरता येतो. मावशींचा अर्ज गेलाय. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं दोन्ही कार्डं आणा, शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, जन्मतारीख मोठ्यानं वाचा. तिकिटावर नाव घालायचं तेही याच ओळखपत्रावरून, अक्षर न् अक्षर तसंच.

दुसरं काम तारखेचं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जनकपूरला मार्गशीर्षात विवाहपंचमीचा मोठा सोहळा असतो. त्याला जायचं तर इकडं घट बसतात, त्याच सुमाराला तिकीट काढावं लागतं. कांद्याच्या लागणीची घाई कधी आहे, तेही घरात विचारून घ्या. विवाहपंचमीला गर्दी फार. सोबत वयस्कर बाया जास्त असतील तर पुढं-मागं गेलेलं बरं.

तारखेत आणखी एक खोच आहे. रात्री बारा वाजले की रेल्वेची तारीख बदलते. काशीला जाणारी महानगरी एक्सप्रेस मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते. समजा आपण शनिवारी रात्री जेवून कल्याणला जाऊन बसलो आणि गाडी एक वाजता आली, तर तिकिटावर रविवारची तारीख हवी. शनिवारची असेल, तर ती गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

तिसरं काम बर्थचं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांत स्लीपर वर्गात सहा बर्थ महिलांसाठी राखीव असतात. त्यासाठी तिकिटावर सगळ्या बायाच हव्यात. सोबत भावजी येणार असतील तर त्यांचं तिकीट वेगळं काढा. खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. त्यात ४५ वर्षांवरच्या बाया बसतात, पण एका तिकिटावर एक किंवा दोघीच. गुडघेदुखीच्या मावशींचं तिकीट असं काढलं तर त्यांना वर चढायची पाळी येत नाही. आरएसी मिळालं तर गाडीत बसता येतं, पण एका बर्थवर दोघी. वेटिंगवर आरक्षित डब्यात चढता येत नाही, म्हणून "होईल कन्फर्म" या शब्दावर घर सोडू नका.

चौथं काम पैशाचं. यात्रेचा पैसा आणि गटाची बचत एकत्र करायची नाही. कर्जाच्या पैशातून तर यात्रा नकोच. वेगळी वही, प्रत्येकीची सही. एखादी ऐनवेळी आली नाही तर तिकीट रद्द करताना कापलेले पैसे कोणाचे, हे आधीच ठरवून इतिवृत्तात लिहा. तिकीट कोणाकडूनही काढून घ्या, पण छापील प्रत हातात घेऊन नाव, तारीख, चढायचं स्थानक आणि बर्थ आपणच वाचायचं.

निघताना थोडं सांभाळा. पावसाळ्यात माळशेजला दरड पडते, तेव्हा कल्याणला चार-पाच तास आधी पोचायच्या हिशोबानं निघा. गाडीत मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ उघडायचा असतो. अडचण आली तर १३९ ला फोन. जयनगरला गाडी अवेळी पोचत असेल तर उजाडेपर्यंत स्थानकातच एकत्र थांबा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे. आपले १०० रुपये म्हणजे तिकडचे १६०. शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा जवळ ठेवा. आपलं सिमकार्ड तिथं रोमिंगशिवाय चालत नाही, म्हणून सीमा ओलांडायच्या आधीच घरी फोन करा.

ही सगळी कामं वाटून घ्या. एकीकडं कागद, एकीकडं पैसे, एकीकडं गाडीची वेळ. जिला वाचता येत नाही, तिलाही तिचा डबा आणि बर्थ नंबर तोंडपाठ असू द्या. आणि बैठकीत कोणी "मी राहते मागं" म्हणाली, तर तिच्या गुडघ्याची अडचण आहे, पैशाची आहे की कागदाची, एवढं नीट विचारा. कागदाची असेल तर ती सुटते. त्याच दिवशी तिचा अर्ज भरून टाका.