दोन देशांतला संसार



रत्नागिरीस येणारा पाहुणा थिबा राजाचा वाडा पाहिल्यावाचून सहसा परत जात नाही. ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा आणि त्याची राणी सुपयालत यांना इंग्रज सरकारने १८८६ साली येथे आणून ठेवले. १९१० साली त्यांच्यासाठी हा वाडा पुरा झाला आणि १९१६ साली राजाने याच गावी देह ठेवला. राणीस मायदेशी जाता आले ते १९१९ साली, वैधव्य आल्यानंतर. थोरली राजकन्याही ब्रह्मदेशी गेली. परंतु येथील एका गृहस्थाशी तिचे जन्माचे नाते जडले होते, म्हणून ती पुन्हा रत्नागिरीसच परतली आणि येथेच निवर्तली.

समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या वाड्यातील दांपत्यास एकाच गोष्टीची मुभा नव्हती: आपण कोठे राहावे हे ठरविण्याची. आजच्या नवराबायकोस ती मुभा आहे. मात्र ती मुभा परवाने, मुदती आणि दिवसांचे हिशेब यांच्या भाषेत लिहिलेली असते, आणि ती भाषा घरातील दोघांनाही वाचता आली पाहिजे. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

आपल्या जिल्ह्यास परगावची चाकरी नवी नाही. मुंबईचा चाकरमानी शिमग्यास व गणपतीस घरी येई आणि मधल्या काळात मनिऑर्डरीवर घर चाले. पण मुंबईस जावयास कोणाचा परवाना लागत नसे. बायकोस न्यावे की न न्यावे, हा प्रश्न खोलीच्या भाड्याचा होता. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत कामे निघाली आणि कोकणातील कितीतरी तरुण तिकडे गेले. तेव्हापासून हा प्रश्न भाड्याचा राहिला नाही, व्हिशाचा झाला.

पहिली गोष्ट ही की, परवाना कोणाच्या नावावर उभा आहे ते पाहावे. आखातात पत्नीचा रहिवास बहुधा पतीच्या नोकरीवर टांगलेला असतो. पतीस ठराविक पगार असल्यावाचून तिला नेता येत नाही आणि त्याची नोकरी सुटली की थोड्याच मुदतीत तिचाही परवाना संपतो. शिवाय संयुक्त अरब अमिराती, कुवेत यांसारख्या देशांत सलग सहा महिने बाहेर राहिल्यास रहिवासाचा परवाना सामान्यतः रद्द होतो. सासूच्या आजारपणासाठी किंवा मुलाच्या दहावीसाठी घरी आलेली सून अशा वेळी नकळत आपला तिकडचा हक्क गमावून बसते. अमिरातींचा दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ या अटीतून मोकळा आहे व तो नोकरीच्या मालकावर अवलंबून नाही. परंतु तो सर्वांस मिळण्याजोगा नव्हे.

पश्चिमेकडे निराळा प्रकार आहे. अमेरिकेत एच-वन-बी व्हिशावर गेलेल्या माणसाची सुशिक्षित पत्नी स्वतःच्या हक्काने नोकरी करू शकत नाही. पतीच्या कायम रहिवासाचा अर्ज पुढे सरकला असल्यास काहींना कामाची परवानगी मिळते, हीदेखील २०१५ पासूनची सवलत आहे. म्हणून ‘कोठे जास्त पगार मिळतो’ एवढेच विचारून भागत नाही. दोघांपैकी एकाचे शिक्षण व उमेद किती वर्षे पेटीत बंद राहणार, हेही विचारावे लागते.

दुसरी गोष्ट दिवसांची. भारतात एका आर्थिक वर्षात १८२ दिवस वा अधिक राहिल्यास माणूस प्राप्तिकराच्या दृष्टीने येथील निवासी ठरतो. परदेशातून भेटीस येणाऱ्या भारतीयाचे येथील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असेल, तर १२० दिवसांचीही गणना होऊ लागते. पती व पत्नी यांचा हिशेब स्वतंत्र होतो. एक निवासी आणि दुसरा अनिवासी असेही घडते. तेव्हा पारपत्रावरील येण्याजाण्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवणे, हे घरखर्च लिहिण्याइतकेच अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट नागरिकत्वाची, आणि ही सर्वांत जड आहे. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे आपोआप संपते. त्यानंतर ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड मिळू शकते. त्याच्या नावात नागरिक हा शब्द असला, तरी ते नागरिकत्व नव्हे. त्याने आयुष्यभर येण्याजाण्याची मोकळीक मिळते. मताचा अधिकार मिळत नाही. उलट परदेशी नोकरी करणारा, पण भारताचे पारपत्र राखलेला माणूस मतदारयादीत नाव नोंदवून गावी येऊन मत देऊ शकतो.

आता हे सारे आपल्या आंब्याच्या बागेपर्यंत कसे पोचते ते पाहा. अनिवासी भारतीयास अथवा कार्डधारकास येथे घर किंवा सदनिका विकत घेता येते. शेतजमीन, बाग किंवा शेतघर विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित कलमे वारशाने येतील ती ठेवता येतात, आणि विकावयाची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावी लागतात. वीस वर्षे आखातात घाम गाळून ‘म्हातारपणी शेजारची आंबराई घेईन’ असे मनात धरलेल्या माणसाने हे आधीच जाणलेले बरे. वारसाहक्काने सातबारावर आपले नाव लागले आहे की नाही, हेही वडील हयात नसतील तर रजेच्या पहिल्याच आठवड्यात पाहावे.

चौथी गोष्ट परदेशी जोडीदाराची. विवाह नोंदलेला असून सलग दोन वर्षे टिकलेला असेल, तर भारतीय नागरिकाच्या परदेशी पतीस वा पत्नीस वरील कार्डासाठी अर्ज करता येतो. मात्र घटस्फोट झाल्यास ते रद्द होऊ शकते. नागरिकत्वच हवे असल्यास भारतात सात वर्षे राहावे लागते. तोपर्यंत दीर्घ मुदतीच्या व्हिशावर राहणाऱ्याने आल्यापासून चौदा दिवसांत आपली नोंद करावयाची असते. या सर्वांचा पाया म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला. मांडवातील छायाचित्रे कितीही सुंदर असोत, परवाना देणारा अधिकारी दाखला मागतो, छायाचित्रावर भागवीत नाही.

शेवटी एका दुखऱ्या बाजूचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९३६ पर्यंत कराची आणि रत्नागिरी ही दोन्ही एकाच मुंबई इलाख्यात होती. कोकणी मुसलमान कुटुंबे पोटापाण्यासाठी तिकडे गेली, आणि १९४७ साली तीच वाट परदेशाची झाली. १९४८ साली परवाने आले, १९५२ साली पारपत्र व व्हिसा आले. तरी नात्यांतल्या सोयरिकी एकदम थांबल्या नाहीत. पाकिस्तानातून सून होऊन आलेल्या स्त्रीस वरील कार्ड मिळत नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि वर्षानुवर्षांची वाट, एवढाच मार्ग तिला मोकळा असतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हत्याकांडानंतर भारत सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे इतर व्हिसे रद्द केले, परंतु दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम ठेवले. ज्या स्त्रीने आपला अर्ज वेळेवर केला होता, ती मुलाबाळांत राहिली. भेटीच्या व्हिशावर आलेलीस सामान बांधावे लागले. राज्याराज्यांतील वैर मिटविणे नवराबायकोच्या हाती नसते, पण अर्जाची तारीख त्यांच्या हाती असते.

म्हणून माझी सूचना एवढीच आहे. परदेशी जाण्यापूर्वी एका संध्याकाळी दोघांनी ओटीवर बसून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावी. पतीची नोकरी उद्या सुटली, तर पत्नी व मुले कोठे राहतील? आईवडील अंथरुणास खिळले, तर कोण येईल आणि किती दिवस राहू शकेल? आणि उतारवयात आपली हाडे कोठे विसावावी, असे दोघांना वाटते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोघांचे निराळे येणे शक्य आहे. तसे आले, तर ते आजच कळलेले बरे. कारण पारपत्र बदलल्यानंतर ते कळून फारसा उपयोग होत नाही.

थिबा राजाच्या वतीने हे प्रश्न दुसऱ्याने सोडविले. आपण ते आपले आपण सोडवावे, दोघांनी मिळून सोडवावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.