वासराला टॉनिक किती पाजायचं?

आज वासरांच्या टॉनिकबद्दल बोलू. गटाच्या बैठकीला गावोगाव गेलो की गोठ्याच्या कोनाड्यात आम्हाला दोन-तीन बाटल्या हमखास दिसतात. एक दुकानदारानं दिलेली, एक शेजारणीनं सांगितलेली, एक मागच्या वासराची उरलेली. गटाचं कर्ज काढून घेतलेल्या गायीची कालवड म्हणजे घरातली उद्याची गाय. ती अंग धरेना की बाई हाताला येईल ते पाजते. जीवनसत्त्वंच ती, जास्त गेली तर काय बिघडतंय?

बिघडतं. ब गटातली जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी मुतावाटे निघून जातात. पण अ, ड आणि ई ही चरबीत विरघळणारी. ती तशी बाहेर पडत नाहीत. विशेषतः अ तर लिव्हरमध्ये साठतच राहतं. आणि ती एकमेकांच्या वाटेतही येतात. अ रोजच फार पोटात गेलं तर ई अंगी लागत नाही. ई कमी पडलं की वासराचे स्नायू कमजोर होतात, आजाराशी झुंजायची ताकद घटते. ड अती झालं तर कॅल्शियम हाडं सोडून मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचायला लागतं. आमच्या गटातली एक ताई दोन वेगळ्या नावांची टॉनिकं पाजत होती. शाळकरी मुलीनं लेबलं वाचून दाखवली, तर दोन्हींत अ आणि ड होतंच!

म्हणजे जीवनसत्त्वं नकोत असं नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात अ आणि ई जवळजवळ नसतंच. गर्भात असताना आईकडून ते फार थोडं येतं. खरा साठा येतो तो चिकातून. अजूनही काही घरांत वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. वार पडायला सात-आठ तास लागले, तर तोवर वासराचं नुकसान होऊन गेलेलं असतं, कारण चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं आतड्यातून रक्तात जायची वाट पहिल्या 24 तासांत बंद होत जाते. पंचवीस किलोच्या वासराला दिवसभरात अडीच लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. खरवस नंतर उरलेल्याचा करा. सासूबाई रागावल्या तर आमचं नाव सांगा.

आता चिकात अ यायचं तर आईच्या पोटात हिरवं गेलं पाहिजे. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर राहिलेल्या गाभण गायीकडून वासराला काय मिळणार? साठवलेल्या कडब्यात ते फारसं उरत नाही. शेवटचे दोन महिने तरी लसूणघास, हिरवा मका, जे असेल ते थोडं थोडं द्या. म्हशीचं दूध पांढरं म्हणून त्यात अ नसतं, असं काही जणी म्हणतात. तसं नाही. चाऱ्यातलं पिवळेपण म्हैस अंगातच अ मध्ये बदलून घेते.

ब गटातली जीवनसत्त्वं मोठं जनावर पोटातल्या जिवाणूंकडून मिळवतं. लहान वासराचं ते पोट तयार झालेलं नसतं, तेव्हा त्याला दुधाचाच आधार. दुसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर काफ स्टार्टर चाटायला द्या, कोवळं गवत आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा, म्हणजे पोट लवकर तयार होतं.

आणि वासराला हगवण किंवा जंत असतील, तर टॉनिक बरंचसं वायाच जातं. रेडकांना तर आईच्या दुधातूनही जंत येतात. दहा-पंधरा दिवसांचं झालं की जंताच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा.

डोळ्यांतून सारखं पाणी, खरखरीत केस, दिवेलागणीला खुंट्याला धडकणं, असं दिसलं तर अ कमी असू शकतं. तेव्हा उशीर करू नका, पण मात्रा वजन बघून डॉक्टरच ठरवतील. आधी काय काय पाजलंय ते त्यांना न लपवता सांगा.

पुढच्या बैठकीला आपापल्या कोनाड्यातल्या बाटल्या घेऊन या. लेबलं मिळून वाचू, आणि तारीख उलटलेल्या वेगळ्या काढू.