शोधाचे सर्किट
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला, डॉक्टर नव्हे. गेल्या वर्षी आईने कुणाच्या सांगण्यावरून मधुमेहाची गोळी सोडून मेथीदाणे सुरू केले. मी गुगलवर 'मेथीने मधुमेह बरा' असे टाकले, आणि तेच सांगणारी पाने निघाली. उत्तर मीच प्रश्नात घातले होते!

मग पबमेड उघडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही शोधनिबंधांची सूची १९९७ पासून सर्वांना मोफत आहे. तिथे इंग्रजी शब्द रिलेच्या कॉन्टॅक्टसारखे जोडायचे. 'अँड' म्हणजे सिरीज, दोन्ही हवेत. 'ऑर' म्हणजे पॅरलल, एक असला तरी चालतो. हे जोडशब्द कॅपिटलमध्ये लिहायचे. मी कंसात 'फेनुग्रीक ऑर ट्रायगोनेला' लिहिले, पुढे 'अँड डायबेटीस'. बाजूच्या यादीत 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू'वर खूण केली, म्हणजे अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा मिळतो.

मेथीने साखर काहीशी उतरते, पण चाचण्या लहान, असे वाचले. गोळी सोडा, असे मला कुठेच आढळले नाही. प्रिंट घेऊन आईला डॉक्टरांकडे नेले. गोळी पुन्हा सुरू झाली, मेथी भाजीत राहिली.

तेव्हा प्रश्न कोरा ठेवा, निर्णय डॉक्टरांना विचारून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!