मजुरी काळ्याची, वही गोऱ्याची
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज आम्ही तुम्हांस अमेरिकेतील कापूस पिकविणाऱ्या काळ्या लोकांची हकीकत सांगणार आहोत. साता समुद्रांपलीकडच्या माणसांशी आपणांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, 1861 ते 1865 पर्यंत त्या देशात गुलामगिरीवरून यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेस पोचेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपल्यावर तो कोसळला. त्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन सज्जनांस जोतीराव फुले यांनी 1873 साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले. तेव्हा ही ओळख आजची नव्हे.

आता पाहा, बेडी तुटली. पण बेडी तुटलेल्या माणसाने खावे काय? 1865 च्या जानेवारीत जनरल शर्मन याने दक्षिणेकडील समुद्रकाठच्या पट्ट्यात सुटलेल्या कुटुंबांस चाळीस-चाळीस एकरांपर्यंत रान देण्याचा हुकूम काढला. लोकांनी नांगर धरला. पण त्याच साली अध्यक्ष जॉन्सन याने ती जमीन जुन्या मालकांच्या घशात परत घातली. लागलीच कायदे आले. मिसिसिपी संस्थानात काळ्या माणसास शहराबाहेर जमीन खंडाने घेण्याची बंदी झाली. दक्षिण कॅरोलायनात काळ्या लोहार-सुतारास आपला धंदा करावयाचा तर न्यायाधीशाचा परवाना आणि सालीना दहा डॉलर. दुकान घालावयाचे तर शंभर डॉलर! परवान्याविना त्यास दोनच कामे मोकळी: दुसऱ्याचे शेत आणि दुसऱ्याची चाकरी. ज्या हातांनी मालकांचे वाडे बांधले, घोड्यांस नाल ठोकले, त्याच हातांस हातोडी धरण्याकरिता दंड! हे कायदे फार दिवस टिकले नाहीत, पण त्यांमागची बुद्धी टिकली.

पुढे बटई सुरू झाली. मालकाने रान, खोपट, खेचर, औत आणि बी द्यावे; कुळाने बायकापोरांसह राबावे; कापूस निम्मानिम्म. ऐकावयास हा आपल्या अर्धेलीसारखाच व्यवहार. पण पेरणीपासून वेचणीपर्यंत चूल कशावर पेटावी? मालकाच्या किंवा त्याच्या ओळखीच्या दुकानातून खावटी उचलावी: मक्याचे पीठ, खारवलेले मांस, काकवी. उधारीचा भाव रोखीहून चढा, व्याज त्याहून निराळे, आणि बोजा उभ्या पिकावर. वर्षाअखेर मालकाने वही उघडावी. वही त्याची, काटा त्याचा, भावही त्यानेच सांगावा. बेरीज ऐकून कुळाने मान डोलवावी आणि देणे फिटले नाही म्हणून पुढल्या साली तेच रान पुन्हा धरावे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी ही रीत.

मंडळी, तुम्ही म्हणाल, सावकाराची वही आम्हांस नवी नाही. खरे आहे. 1875 साली सुप्यापासून पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी दस्तऐवज हिसकावून जाळले ते ह्याच जाचापायी. पण अमेरिकेत त्या वहीवर रंगाचा पहारा होता, आणि आज आम्हांस सांगावयाचे आहे ते हेच.

तो पहारा रोजच्या बारीकसारीक गोष्टींत असे. साठ वर्षांच्या काळ्या म्हाताऱ्यास गोऱ्याचे पोर ‘ए पोरा’ म्हणून हाक मारी. म्हाताऱ्याने मात्र त्या पोरास ‘साहेब’ म्हणावे. गोऱ्याच्या घरी जाणे तर मागच्या दाराने. दुकानात आधी आला तरी गोऱ्या गिऱ्हाइकांचे आटोपेपर्यंत थांबावे. टोपी पैसे देऊन घ्यावी, पण डोक्यावर घालून पाहू नये. पाण्याचा नळ निराळा, आगगाडीचा डबा निराळा. 1896 साली वरिष्ठ कोर्टानेही ह्या वेगळेपणावर शिक्का मारला. मुलांच्या शाळा कापसाच्या हंगामाप्रमाणे बंद होत.

कोणी म्हणेल, अपमान गिळला तर पोट थोडेच दुखते? दुखते, बंधूंनो! ज्या माणसास ‘साहेब’ म्हटल्याविना तोंड उघडता येत नाही, तो ‘साहेब, वही दाखवा’ असे कोणत्या तोंडाने म्हणेल? गोऱ्यास खोटे ठरविणे हाच जेथे गुन्हा, तेथे बेरीज चुकली असे म्हणणे म्हणजे जिवावर उदार होणे. आणि शाळाच बंद ठेवली तर बेरीज तपासणार कोण? अपमान हा लुटीचा राखणदार आहे. मालकास काळ्याच्या ‘साहेब’ ह्या शब्दाची हौस नव्हती. त्या शब्दाने त्याची वही झाकली जात होती.

ही गोष्ट आम्ही पदरची सांगत नाही. 1919 साली आर्कान्सा संस्थानात एलेन गावाजवळ काळ्या बटईदारांनी संघ काढला. मागणी एवढीच की, कापसाचा रास्त भाव आणि हिशेब मिळावा. 30 सप्टेंबरच्या रात्री देवळात त्यांची सभा चालू असता बाहेर गोळीबार झाला व एक गोरा मेला. मग हत्यारबंद टोळ्या आल्या, पाठोपाठ लष्कर आले. गोरे पाच मेले. काळे किती मेले याचे अंदाज शंभरापासून दोनशेंच्या वर जातात. आणि फाशीची शिक्षा कोणास? बारा काळ्या शेतकऱ्यांस! 1923 साली वरिष्ठ कोर्टाने तो न्याय न्यायच नव्हे असे ठरविले आणि 1925 पर्यंत बाराही जण सुटले.

गरीब गोरी कुळेही ह्याच चरकात पिळली जात. त्यांनी काळ्या कुळाशी हात मिळवू नये, हे रंगभेदाचे दुसरे काम. 1934 साली आर्कान्सातच दोन्ही रंगांच्या कुळांनी एकत्र संघ काढला, तेव्हा मालकांनी दोघांसही रानांतून हाकलले. गोऱ्या कुळास तेव्हा कळले असेल की, कातड्याचा मान हा पोटाची भाकर नव्हे.

मग हे मोडले कसे? ज्यांनी रोजचा अपमान सोसावयाचे नाकारले त्यांनी मोडले. 1955 साली माँटगमरी शहरात रोझा पार्क्स ह्या शिवणकाम करणाऱ्या बाईने बसमधील जागा सोडली नाही, आणि 381 दिवस तेथील काळे लोक बसवर बहिष्कार घालून कामावर पायी गेले. मिसिसिपीतील फॅनी लू हेमर ही बटईदाराची लेक, वीस भावंडांतील शेंडेफळ. सहाव्या वर्षापासून कापूस वेची. 1962 साली ती मतदारयादीत नाव घालावयास गेली म्हणून मालकाने तिला अठरा वर्षांच्या कामावरून व घरातून घालविले. बाई खचली नाही. 1969 साली तिने सहकारी शेत काढले, आणि गरीब घरांस गाभण डुकरीण देऊन पुढे पिले परत घेण्याची पेढी चालविली. तिला पक्के कळले होते की, मताचा हक्क आणि घरची भाकर एकाच ताटात वाढावी लागतात.

कायदे बदलले, पण वही सहज सुटत नाही. 1920 साली अमेरिकेत काळे शेतकरी सव्वानऊ लाखांच्या आसपास होते. 1997 च्या गणतीत साडेअठरा हजार राहिले. किडीने बोंडे खाल्ली, यंत्रे आली, लोक शहरांत गेले, ही कारणे आहेतच. पण सरकारी शेतकी खात्याकडून काळ्यास कर्ज कमी मिळे, पेरणी टळल्यावर मिळे किंवा मिळतच नसे, अशी फिर्याद हजारोंनी केली. 1999 च्या तडजोडीने सरकारास सुमारे शंभर कोटी डॉलर द्यावे लागले आणि 2010 साली आणखी सव्वाशे कोटींची तडजोड झाली. पण आषाढात न मिळालेले बी पुढे दामदुपटीने मिळाले, तरी त्या साली पडीक राहिलेले रान पिकते काय?

बंधुभगिनींनो, रंग आणि जात एक नव्हेत. पण माणसास खाली बसविण्याची युक्ती दोन्हीकडे एकच. म्हणून आमचे सांगणे दोन गोष्टींचे. जेथे आपला अंगठा किंवा सही लागते तेथे हिशेब वाचून घ्या. स्वतःस वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीस जवळ बसवा, आणि वही मागताना खाली पाहू नका. आणि दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण. आपल्या शेतात जो मजूर येतो, त्याच्या म्हाताऱ्या बापास आपले पोर कोणत्या शब्दाने हाक मारते, त्याच्या पाण्याचा तांब्या कोठे ठेवलेला असतो आणि त्याच्या मजुरीचा हिशेब त्यास कोण दाखवितो, हे आज घरी गेल्यावर पाहा. दुसऱ्याच्या वहीवरचा पहारा उठवू पाहणाऱ्याने आपल्या वहीवर पहारा बसवू नये.