फुगलेला फोन

मराठीत फुगण्याचे प्रकार पुष्कळ. पोळी फुगली की करणारीच्या हाताचं कौतुक होतं. भिजत घातलेले हरभरे रात्रीतून फुगतात. लहान मूल रुसून, गाल फुगवून बसतं आणि एखाद्याला पद मिळालं की तोही फुगतो. श्रोतेहो, या यादीत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे मोबाइलची बॅटरी. हे फुगणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

माझी थोरली बहीण सोलापुरात असते. आम्ही तिला आपा म्हणतो. मागच्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. सोलापूरचा उन्हाळा मी काय सांगावा! दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आपाचा फोन टेबलावर ठेवला की डुगडुगत होता. पाठीचं झाकण एका बाजूनं वर आलेलं, काचेच्या कडेतून आतला उजेड डोकावतोय, आणि या सगळ्यावर आपानं भाजीच्या जुडीचं रबर लावलेलं.

“बरा चालतो रे,” ती म्हणाली, “रबर लावलं की बसतो.”

ती कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात जाऊन आली होती. तिथल्या मुलानं बिलावरची तारीख पाहिली, “वॉरंटी संपली, नवीन घ्या” म्हणाला आणि फोन तसाच परत हातात ठेवला. बॅटरी बदलण्याचं त्यानं सुचवलं नाही, ते एक वेळ सोडून देऊ. पण “मावशी, हा आता चार्जिंगला लावू नका” एवढं सांगायला कोणती वॉरंटी लागत होती?

आपाला नवा फोन नको होता. पैशांचा प्रश्न होताच, पण खरं कारण निराळं होतं. आमचे दुल्हेभाई जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी कधी बाजारातून, कधी दवाखान्यातून पाठवलेले बोलके निरोप त्या फोनात होते. त्यातल्या एका निरोपात ते फक्त “कांदे किती आणू?” असं विचारतात. आपा तो रोज ऐकते. त्या आवाजासाठी ती फुगलेला फोन उशाशी घेऊन झोपत होती, तोही रात्रभर चार्जिंगला लावून.

मी बी. ए. झालेला माणूस, रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण आत काय चालतं ते समजायला अवघड नाही. फोनमधली बॅटरी म्हणजे घडी घातलेल्या सोलापुरी चादरींसारखी रचना. एक थर तांब्याच्या पत्र्याचा, एक ॲल्युमिनियमचा, आणि त्यांनी एकमेकांना शिवू नये म्हणून मध्ये केसाहूनही पातळ पडदा. हे सगळं पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेलं आणि वर बंद पिशवी. वय झालं, उष्णता वाढली, चार्जिंग गरजेपेक्षा जास्त झालं, फोन आपटला, किंवा मुळातच बनावटीत खोट राहिली, की तो द्रव विघटित होऊ लागतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि काही ज्वलनशील वायू तयार होतात. पिशवीला तोंड नाही, म्हणून ती फुगते.

आता आपल्याकडचे उपाय ऐका. कोणी सुई टोचून ‘हवा’ काढतो. कोणी जड पुस्तकाखाली दाबून ठेवतो, कोणी फ्रिजमध्ये टाकतो. सुई टोचणं हा यातला सर्वांत वाईट प्रकार. आत हवा नाहीच. सुईनं तो पातळ पडदा फाटतो, थर एकमेकांना भिडतात आणि क्षणात आग लागते. धूरही विषारी असतो. दाबल्यानंही तेच होऊ शकतं, मग ते रबर असो की खिशातली दाटी. धूर निघू लागलाच तर फोन हातात उचलायला जाऊ नका, घरातली माणसं बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा, अर्थात दुसऱ्या फोनवरून!

आपाच्या फोनचं रबर आम्ही अलगद काढलं. फोन बंद केला आणि पडदे, अंथरूण, गॅस यांच्यापासून दूर, फरशीवर ठेवला. झाकण उघडायच्या फंदात पडलो नाही. आपाचा जीव निरोपांत अडकलेला. पण आवाज आणि छायाचित्रं बॅटरीत नसतातच, ती वेगळ्या चिपमध्ये असतात. बॅटरी बदलली तरी ती जागच्या जागी राहतात. हे तिला पटायला दोन कप चहा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, फोन मोकळ्या पिशवीत घालून नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दुकान एवढंसं, पण माणूस जाणता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “बंद केला तेव्हा चार्जिंग किती होतं?” बॅटरीत साठा कमी असला की धोकाही कमी, म्हणून. लोखंडी पट्टीला त्यानं हात लावला नाही. हळूहळू ऊब देऊन गोंद सैल केला आणि प्लॅस्टिकच्या पातीनं बॅटरी सोडवली. बाहेर आली तेव्हा ती चांगली गुबगुबीत उशी झाली होती. ती त्यानं शेजारच्या वाळूच्या डब्यात ठेवली. नव्या बॅटरीवर आयएस १६०४६ हा आकडा आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, ते मी पाहून घेतलं. आपल्याकडे लिथियम बॅटरीला ही नोंदणी सक्तीची आहे. शंभर रुपये वाचवायला हा क्रमांक नसलेली बॅटरी घेऊ नये. आपाचे साडेसातशे रुपये गेले. फोन सुरू झाला, आणि त्या गजबजलेल्या दुकानात दुल्हेभाईंनी कांद्यांची चौकशी केली.

मी मात्र त्या ‘वॉरंटी संपली’वर अडून बसलो. वॉरंटी म्हणजे ठराविक काळात फुकट दुरुस्ती करून देण्याचं वचन. त्याची मुदत संपते, हे कबूल. पण सदोष वस्तूनं माणूस भाजला किंवा घर जळलं तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेची जबाबदारी असं एक स्वतंत्र प्रकरणच त्यात आहे. दोष बनावटीतला होता हे मात्र दाखवावं लागतं, आणि ग्राहकानं वस्तू वेडीवाकडी वापरली असेल तर दावा टिकत नाही. म्हणून बिल जपा आणि फुगलेल्या फोनची छायाचित्रं काढून ठेवा. नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा आयोगाकडे तक्रार करायची मुदत घटनेपासून दोन वर्षांची, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

कंपन्या मनावर घेतात तेव्हा काय होतं तेही पाहिलेलं आहे. २००७ साली नोकियानं बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून देण्याची तयारी दाखवली होती. तेव्हा नखानं झाकण काढून बॅटरीवरचा क्रमांक कोणालाही वाचता येत असे. २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ पेट घेऊ लागला. सुमारे २५ लाख फोन परत मागवले, बदलून दिलेलेही पेटले, तेव्हा ते मॉडेलच बंद करावं लागलं. एव्हाना बॅटऱ्या आत चिकटवल्या जाऊ लागल्या होत्या. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या लहान उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडले तर, ग्राहकाला स्वतः काढता यायला हवी. नखानं झाकण उघडणाऱ्या माझ्या पिढीला यात नवं काय, असं वाटेल!

राहता राहिली ती वाळूतली बॅटरी. बॅटऱ्यांच्या कचऱ्याचे २०२२ चे नियम सांगतात की वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही; आणि ती गोळा करून तिचं पुनर्चक्रीकरण करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, “महिन्यातून एकदा ई-कचरावाला येतो, त्याला देतो.” तुमच्या गावात असा कोणी नसेल तर पालिकेत विचारा, कंपनीच्या केंद्रात विचारा, वॉरंटी असो वा नसो. पण घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, आणि पुढे तो उपसतात त्या बायांच्या हातात बहुधा मोजेही नसतात.